पेडल स्टील : पोटाखालचा पुरावा

आपल्याकडच्या हवाईयन गिटारचं हे अमेरिकी भावंड. पायांवर उभं असतं. पेडल किंवा गुडघ्याजवळची दांडी दाबली की वाजत्या तारेचा सूर चढतो वा उतरतो. १९५४च्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’त बड आयझॅक्सने ती करामत ऐकवली आणि कंट्री संगीताचा आवाज बदलला.

जुन्या वाद्यांच्या ऑनलाइन जाहिराती हेच माझं दप्तर, म्हणून त्यातली खोटी नोंद मला खुपते. चुकीचं साल पुढे संदर्भ म्हणून फिरतं आणि घेणाऱ्याचे पैसे जातात ते वेगळेच.

ढोबळ फसवणूक लगेच कळते. फेंडरचं ‘स्ट्रिंगमास्टर’ पायांवर उभं असतं, पण त्याला पेडल नसतं. तरी ते ‘पेडल स्टील’ म्हणून विकायला येतं. (विकणारा बहुधा लबाड नसतो, आजोबांची अडगळ काढत असतो.)

खरी मेख एमन्सच्या वाद्यांत. जुन्या ‘पुश-पुल’ रचनेत सूर चढवणारी सळई ओढली जाते, उतरवणारी ढकलली जाते. नंतरच्या ‘ऑल-पुल’मध्ये दोन्ही ओढल्याच जातात. संग्राहकांचा जीव पहिल्यावर, त्यामुळे ते नाव दुसऱ्यालाही चिकटवतात. वरून, चकचकीत लाकडाकडे पाहून फरक ओळखणं अवघड. म्हणून वाद्य उलटं करून काढलेला व्हिडिओ मागावा. सूर उतरवणारी दांडी दाबताना तिची सळई तारेच्या टोकाकडे ढकलली जाते का, तेवढंच पाहावं. पिकअप मूळचाच आहे का, हेही तेव्हाच विचारावं. तो बदललेला असणं नेहमीचंच. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ झाली, तर मी ती जाहिरात टिपणवहीतही घेत नाही.