मुलांच्या मेंदूतील कर्करोग : उपचार व आशा

सकाळी उठताच मुलाचे डोके दुखते, वांती होते, चालताना तोल जातो, डोळा तिरवा होतो. असे कित्येक दिवस चालले, तर आईबापांनी त्यास पित्त अथवा दृष्ट समजून स्वस्थ बसू नये. मेंदूची तपासणी करून घ्यावी.

मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींत मेड्युलोब्लास्टोमा अधिक आढळते. ती मागील बाजूस, लहान मेंदूत उद्भवते. प्रथम शस्त्रक्रियेने गाठ काढतात. मग मेंदू व पाठीचा कणा यांवर किरणोपचार, आणि पुढे कित्येक महिने औषधे देतात. तीन वर्षांखालील बालकांस किरण शक्यतो देत नाहीत, कारण वाढत्या मेंदूस ते अपाय करतात. गाठ पसरलेली नसून पुरती निघाली, तर १० पैकी ७ ते ८ मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. कित्येकांची उंची खुंटते, अभ्यास मंदावतो. त्यांस धीराने वागवावे.

मेंदूच्या देठात पसरलेली गाठ मात्र कापून काढता येत नाही. किरणांनी काही महिने उतार पडतो. परंतु बहुतेक मुले वर्षा-दीड वर्षात देवाघरी जातात. ही पापाची शिक्षा नव्हे. जन्मांधाविषयी प्रभूने शिष्यांना हेच सांगितले. असाधारण उपायांचे सामान्यतः बंधन नाही व वेदनाशामक औषध घेणे गैर नव्हे, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ साली स्पष्ट केले. मुलाला वेदनेवाचून आपल्या माणसांत ठेवणे, हाही उपचारच होय. शेजाऱ्यांनी त्या घरी उपदेश नव्हे, भाकरी घेऊन जावे.