जुना पीसी भंगारात देऊ नका
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अमरावती-अकोल्यातले कितीतरी धडधाकट पीसी एकदम ‘जुने’ ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधीची बहुतेक मशीनं इथंच अडकतात. जुगाड करून ११ चढवता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तो रस्ता मी सुचवणार नाही.

घरच्या पीसीसाठी माझं मत विंडोजऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमला. फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालतं, मराठी टायपिंगही होतं. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघा. वायफाय, प्रिंटर, आवाज तपासा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, खरा वेग तिथंच मिळतो. कॅबिनेट उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदला. आपल्याकडचा मे महिना पारा ४५ ला नेतो, त्यात मशीन तापून बंद पडतं.

सेतू केंद्र आणि डीटीपीवाल्या भावांनो, तुम्ही मात्र थांबा. श्रीलिपी सॉफ्टवेअर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठीच असतात.

आणि काहीही करण्याआधी फोटो, सातबारा, मार्कशीट यांचा बॅकअप घ्या. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते.