अँटेनाची जागा

चाकणमधल्या एका प्रेसशॉपमध्ये मोटरच्या बेअरिंगचं तापमान आणि कंपनं कळवणारे वायरलेस सेन्सर लावले होते. कोपऱ्यातल्या प्रेसवरचा सेन्सर मात्र तासन्‌तास गप्प. बॅटरी बदलली, पुन्हा तेच. डबी उघडल्यावर कारण दिसलं: नखाएवढ्या चिप अँटेनाचा बोर्ड मशीनच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेला.

हा सेन्सर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. तिथे लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. लोखंड इतकं जवळ आलं की अँटेनाची वारंवारता सरकते आणि बरीचशी ऊर्जा बाहेर पडतच नाही. सेन्सरचे संदेश गोळा करणाऱ्या गेटवेकडून पोच आली नाही की सेन्सर तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. बॅटरी संपत होती ती त्यातच.

मग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा घेतला. भारतात तो २००५ पासून शक्तीच्या ठरावीक मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. लहर सुमारे ३४.६ सेंटिमीटर, म्हणजे पाव लहरीचा दांडा ८.७ सेंटिमीटरचा. शक्ती तेवढीच आणि अँटेना त्याच प्रकारचा असेल, तर मोकळ्या जागेत २.४ गिगाहर्ट्‌झपेक्षा ९ डेसिबल, म्हणजे जवळपास आठपट संकेत पोचतो. पण मला जास्त भावली ती बसवण्याची रीत. मॅग्नेट बेसवरचा दांडा प्रेसच्या माथ्यावर उभा केला आणि ज्या पत्र्यानं चिप अँटेनाचा आवाज दाबला होता, तोच आता कामाला आला. पाव लहरीच्या दांड्याला बुडाशी धातूचा पृष्ठभाग लागतोच; तो नसेल तर दांडा अपुरा.

गेटवेसाठी जास्त गेनचा अँटेना आणा, असा आग्रह अशा वेळी हमखास होतो. उंच ट्रसवर तो बहुधा निरुपयोगी ठरतो. उभ्या अँटेनाचा गेन वाढतो तो वर-खाली जाणारा संकेत आडव्या पट्ट्यात दाबून. सेन्सर असतात थेट खाली. तिथे साधा डायपोल बरा, तोही सेन्सरच्या डोक्यावर नको, थोडा बाजूला, कारण दांड्याच्या टोकाच्या दिशेनं संकेत जवळजवळ जातच नाही.

चाकणवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यानं पुढे, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ती जागा निवडली. कारखान्यात अँटेनाला मिळते ती उरलेली जागा. मशीनच्या ड्रॉइंगमध्येच ती आखलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

मेंटेनन्सवाल्यानं शिडीवर चढून गेटवेचा अँटेना वीतभर सरकवला, तेवढ्यानं आकडे सुधारले. चहूकडच्या लोखंडावरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना मारतात, कुठे उचलतात, आणि अर्ध्या लहरीच्या आत हा फरक पडू शकतो. क्रेन हलली की तो पुन्हा बदलतो. म्हणून क्लॅम्प लगेच आवळला नाही. क्रेन कॉइल घेऊन फिरत असताना तिन्ही शिफ्टचे आकडे आधी घेतले.