वेइश्येनची मुले आणि अर्धशतकानंतरचा शोध

चीनच्या शानतुंग प्रांतातील चिफू या बंदरात, म्हणजे आजच्या यानताई शहरात, ‘चायना इनलँड मिशन’ या प्रॉटेस्टंट संस्थेने १८८१ साली आपल्या मिशनऱ्यांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा काढली. हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे स्त्रीपुरुष कार्यकर्ते किनाऱ्यापासून दूर, चीनच्या अंतर्भागातील गावांत राहत असत, आणि तेथे इंग्रजी शिक्षणाची सोय नसल्यामुळे सहा-सात वर्षांचे मूल चिफूला धाडणे हा त्यांच्या जीवनक्रमाचा ठरलेला भाग होता. ही पद्धत चीनपुरती मर्यादित नव्हती. भारतातील मिशनऱ्यांची मुलेही कोडाईकॅनाल किंवा मसुरीच्या डोंगरावरील शाळांत वाढली, आणि अहमदनगर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कुटुंबांनाही हा वियोग परिचयाचा होता. चीनमध्ये मात्र अंतरे इतकी प्रचंड आणि प्रवास इतका कष्टाचा असे, की कित्येक मुलांना आईवडिलांची भेट वर्षाकाठी एकदा होणे हेच भाग्य वाटे. साहजिकच वसतिगृहातील सोबती भावंडांच्या आणि शिक्षिका आईच्या जागी आल्या. या मुलांनी पुढे म्हातारपणाच्या उंबरठ्यावर एकमेकांचा जो चिकाटीने शोध घेतला, त्याचे मूळ या जडणघडणीत आहे.

८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी पसरत असतानाच, जपानी सैनिकांनी चिफूच्या शाळेचा ताबा घेतला. ब्रिटन आणि अमेरिका आता शत्रुराष्ट्रे ठरल्यामुळे तेथील मुले आणि शिक्षक युद्धकैदी नव्हेत, तर ‘नजरकैदेतील शत्रुनागरिक’ झाले. शस्त्र न धरलेल्या, केवळ राष्ट्रीयत्वामुळे डांबून ठेवलेल्या लोकांसाठी ही संज्ञा वापरली जाते. नोव्हेंबर १९४२ मध्ये सर्वांना गावातीलच टेंपल हिल या टेकडीवरील घरांत कोंबण्यात आले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये जहाजाने व रेल्वेने वेइश्येन येथील मोठ्या छावणीत हलवण्यात आले. वेइश्येन म्हणजे आजचे वेइफांग. तेथील छावणी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या जुन्या आवारात होती आणि तिच्यात एका वेळी सुमारे १,५०० माणसे राहत असत: व्यापारी, प्राध्यापक, वादक, व्यसनाधीन, धर्मोपदेशक आणि आईवडिलांपासून तुटलेली ही शाळकरी मुले.

याच सुमारास या कथेचा एक धागा गोव्याला येऊन मिळाला. जपान आणि अमेरिका यांच्यात एकमेकांच्या नागरिकांची अदलाबदल ठरली, तेव्हा पोर्तुगीज सत्तेखालील, म्हणून तटस्थ, असे मुरगाव बंदर त्यासाठी निवडले गेले. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानचे ‘तेइया मारू’ आणि स्वीडनचे ‘ग्रिप्सहोम’ ही जहाजे तेथे आली आणि दोन्हींवरील सुमारे दीड-दीड हजार प्रवाशांनी धक्क्यावर जहाजे बदलली. त्यांत वेइश्येनहून सुटलेले अमेरिकन आणि कॅनेडियन होते, आणि चिफूच्या शाळेतील काही मुलेही होती. शाळेची पहिली मोठी फाटाफूट ही अशी झाली, कारण ज्यांच्याकडे ब्रिटिश पारपत्र होते ते बहुतेक सोबती आणखी दोन वर्षे भिंतीआडच राहिले. कोणत्या देशाचा शिक्का कोणाच्या कागदावर होता, एवढ्यावर बालपणाची वाट ठरली.

छावणीत शाळा थांबली नाही, ही शिक्षकांची थोर कामगिरी मानली पाहिजे. पुस्तके तुटपुंजी होती, अन्नाचा तुटवडा वाढत होता, हिवाळ्यात कोळशाची भुकटी मातीत कालवून त्याचे गोळे जाळावे लागत होते, आणि तरीही मोठ्या मुलांनी ऑक्सफर्डच्या शालान्त परीक्षा तेथेच दिल्या. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून अंड्याची टरफले वाटून ती पूड मुलांना चमच्याने चारली जाई. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यत जिंकलेले आणि पुढे मिशनरी झालेले एरिक लिडेल याच छावणीत होते. मुलांचे खेळ आणि विज्ञानाचे पाठ ते घेत आणि मुले त्यांना ‘अंकल एरिक’ म्हणत. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे त्यांचा तेथेच अंत झाला.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी एका अमेरिकन विमानातून सात जण हवाईछत्रीने छावणीलगतच्या शेतात उतरले आणि सुटका झाली. त्या सातांपैकी जेम्स मूर हे स्वतः चिफूचे माजी विद्यार्थी होते. पण सुटकेनंतर मुले पांगली ती ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशी जगभर. कित्येकांना आईवडील पाच-पाच वर्षांनी भेटले आणि घरातली ओळख नव्याने करून घ्यावी लागली. चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यावर शाळा १९५१ मध्ये कायमची बाहेर पडली, संस्थेचे कार्यालयही तेथे उरले नाही, आणि पुढची जवळजवळ तीन दशके जुन्या विद्यार्थ्यांना आपली शाळा पाहणे अशक्यप्राय झाले. माजी विद्यार्थी स्वतःला ‘चिफूशियन’ म्हणवत आणि त्यांच्या संघटनेचे नियतकालिक विवाह, जन्म, मृत्यू आणि पत्ते यांची देवाणघेवाण करी. तरीही छावणीविषयी बहुतेक जण गप्पच राहिले. या मौनाची कारणे समजण्यासारखी आहेत. युद्धात लाखो माणसे मेलेली असताना जिवंत सुटलेल्या मुलाने तक्रार कशाची करायची, हा एक संकोच होता; आणि आईवडिलांनी ईश्वराच्या कामासाठी केलेल्या त्यागाने आपल्याला दुखावले, असे म्हणणे त्या श्रद्धाळू घरांत जवळजवळ अधर्मासारखे वाटे.

मौन सुटू लागले ते प्रथम पुस्तकांतून. छावणीत राहिलेले तरुण शिक्षक लँग्डन गिल्की यांचे ‘शानतुंग कंपाउंड’ १९६६ मध्ये आले, चिफूचे विद्यार्थी नॉर्मन क्लिफ यांचे पुस्तक १९७७ मध्ये, आणि हडसन टेलर यांची पणती मेरी टेलर प्रीव्हिट यांचे १९९४ मध्ये. ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, कारण त्यांतून एकाच आवाराची दोन चित्रे उभी राहतात. गिल्की यांना दिसली ती खोलीच्या काही इंचांसाठी भांडणारी सुशिक्षित माणसे; जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकन रेडक्रॉसचे अन्नाचे पेटारे आले, तेव्हा ते इतर देशीयांना वाटण्यास काही अमेरिकनांनी केलेला विरोध हा त्यांच्या पुस्तकाचा मर्मभाग आहे. प्रीव्हिट यांच्या आठवणीत शिक्षकांनी टिकवलेली शिस्त, गाणी आणि सुरक्षिततेची भावना आहे. यांतील एक चित्र खरे आणि दुसरे खोटे असे मानण्याचे कारण नाही. शिक्षकांनी भीती स्वतःकडे ठेवली म्हणूनच मुलांना ती कमी दिसली. मात्र पुढे माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठी वाढल्या तेव्हा असेही स्पष्ट झाले, की त्या सुरक्षिततेखाली आईच्या आठवणीने रात्री रडणारी मुलेही होती, आणि आपल्यासारखेच दुसरेही रडत होते हे कित्येकांना तेव्हा प्रथमच कळले. या पुनर्भेटींचे सर्वांत मोठे मोल येथे आहे. आईवडिलांनी न पाहिलेल्या बालपणाला साक्षीदार होते ते केवळ वर्गसोबती, आणि ते भेटल्यावाचून स्वतःची आठवणही अर्धवट राहत होती.

प्रीव्हिट यांनी हा शोध सोबत्यांच्या पलीकडे नेला. १९९७ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधानसभेची निवडणूक लढवत असताना चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरील माजी सैनिकांच्या मेळाव्यात बोलण्याची संधी त्यांना मिळाली आणि तेथे त्यांनी आपल्याला सोडवणाऱ्यांची नावे वाचून दाखवली. त्यातून धागेदोरे जुळत गेले. जपानी वंशाचे अमेरिकन दुभाषे टॅड नागाकी नेब्रास्कात शेती करत असल्याचे समजले. मूर आणि इतर जण सापडले, आणि जे हयात नव्हते त्यांच्या विधवांपर्यंत त्या पोहोचल्या. दूरध्वनीवर आभार मानून त्या थांबल्या नाहीत, तर देशभर फिरून प्रत्येकाला भेटल्या. सातवे, चिनी दुभाषे वांग चंगहान, यांचा पत्ता लागायला आणखी बरीच वर्षे गेली. २०१६ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात असलेल्या प्रीव्हिट चीनमधील ग्वेइयांगला जाऊन त्यांना भेटल्या. २०१९ मध्ये प्रीव्हिट यांचे निधन झाले.

वेइफांगमध्ये १९९१ साली लिडेल यांच्या स्मरणार्थ स्कॉटलंडहून आणलेली ग्रॅनाइटची शिळा उभारण्यात आली, आणि २००५ मध्ये सुटकेच्या साठाव्या वर्षी शहराने जुन्या नजरकैदी मुलांना सन्मानाने बोलावले. आता आवारातील उरलेल्या इमारती संग्रहालय म्हणून जपल्या जातात. या साऱ्या पुनर्मीलनात एक मोठी उणीव मात्र राहून गेली आहे. छावणीतील शौचकूप उपसायला येणाऱ्या चिनी कामगारांनी जिवावर उदार होऊन बाहेरच्या चिठ्ठ्या आत आणल्या, शेतकऱ्यांनी रात्री भिंतीवरून अंडी विकली, आणि चिफूच्या वसतिगृहात स्वयंपाक व धुणे करणारी माणसे तर मुलांच्या रोजच्या आयुष्यातली होती. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांच्या याद्यांत त्यांना जागा नव्हती. युद्धकाळात शाळकरी असलेल्यांपैकी आता फार थोडे उरले असल्यामुळे, त्या चिनी कुटुंबांची नावे गोळा करण्याचे काम वेइफांग आणि यानताईच्या स्थानिक इतिहास-अभ्यासकांनाच करावे लागणार आहे.