एक मिलिमीटर उजेडात

डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला. "मावशी, हनुवटी इथं टेकवा, कपाळ पट्टीला लावा आणि समोर बघा." यंत्रातून उजेडाची बारीक चीर मावशीच्या उजव्या डोळ्यात तिरकी शिरली, एक मिलिमीटर उंच, एक मिलिमीटर रुंद. बाहुली मोठी करणारे थेंब अजून घातले नव्हते, कारण ही मोजणी त्याआधी करतात. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. "अकरा. वन प्लस." शेजारच्या मुलीनं आकडा कागदावर उतरवला.

मग जोडभिंगातून मलाही पाहू दिलं. मासवणच्या आमच्या जुन्या घरात कौल सरकलं की कवडशात धूळ तरंगायची, अगदी तसंच दिसत होतं. त्या पांढऱ्या पेशी होत्या. बुबुळाजवळचं पाणी कोमट असतं, म्हणून तिथल्या पेशी वर चढतात. बाहेरच्या पारदर्शक पटलापाशी पाणी गार होतं आणि त्या खाली उतरतात. निरोगी डोळ्यात त्या चौकोनात पेशी दिसतच नाहीत. 1 ते 5 दिसल्या तर अर्धा, 6 ते 15 वन प्लस, 16 ते 25 टू प्लस, 26 ते 50 थ्री प्लस, पन्नासच्या पुढे फोर प्लस. ही पट्टी युव्हायटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेच्या, तज्ज्ञांनी 2005 साली जगासमोर ठेवली. एका डॉक्टरचं 'बरंच' आणि दुसऱ्याचं 'थोडं' यांची बेरीज होत नाही. आकड्यांची होते.

मावशीच्या आजाराचं नाव व्होग्ट-कोयानागी-हाराडा. शरीराची संरक्षणव्यवस्था रंगद्रव्याच्या पेशींवरच उलटते. लावणीच्या दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं, कानात गुणगुण सुरू झाली, मग दोन्ही डोळ्यांपुढे धुकं आलं. आमच्या पालघर-बोईसर भागात डोळा लाल झाला की कंपनीच्या वासावर ढकलतात, नाहीतर 'डोळे आलेत' म्हणून मेडिकलमधून थेंब आणतात. तिचा मुलगा तारापूर एमआयडीसीत कामाला आहे. त्यानंही थेंबच आणले. तीन आठवडे त्यात गेले. त्या तीन आठवड्यांची हळहळ मला अजून आहे.

अशा दुर्मीळ आजारावर संशोधन करायचं तर एका गावात, एका जिल्ह्यात पुरेसे रुग्ण मिळत नाहीत. म्हणून मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. रत्तिनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह पाच देशांतल्या नऊ केंद्रांत 216 रुग्ण जमवले. युव्हायटिसच्या या रुग्णांत मावशीच्या आजाराचेही होते. स्टेरॉइड कमी करायला मेथोट्रेक्झेट बरी की तिच्याहून महाग मायकोफेनोलेट, हा प्रश्न होता. कोणाला कोणती गोळी मिळाली ते तपासणाऱ्याला सांगायचं नाही, म्हणजे त्याच्या मनातला कल मोजणीत उतरत नाही. नुसता डोळा शांत होऊन भागत नव्हतं. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिवसाला साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरायला हवं होतं. सहा महिन्यांनी हिशेब लागला तो 194 जणांचा: मेथोट्रेक्झेटवर 64 जणांना गुण, मायकोफेनोलेटवर 56 जणांना. महाग गोळी सरस ठरली नाही. 2019 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मावशी त्या चाचणीत नव्हती, पण तिची गोळी ठरवताना डॉक्टरांनी हेच आकडे सांगितले. आधी क्षयाची तपासणी केली, कारण क्षयानंही डोळा असाच सुजतो, आणि ही औषधं दबलेला क्षय उठवू शकतात. आता ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी असते. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून तिच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रत्येक रविवारभोवती मी लाल पेनानं गोल केला आहे.

तपासणीच्या दिवशी पहाटे मासवणहून निघून पालघर गाठायचं, मग लोकल. तिची रोजची मजुरी बुडते, माझी रजा जाते. तरी आम्ही तारीख चुकवत नाही. गेल्या खेपेला त्याच चौकोनात डॉक्टरांनी तीन पेशी मोजल्या.

वाचकांना एकच विनंती: दोन्ही डोळ्यांना एकदम धूसर दिसू लागलं, सोबत डोकं दुखत असेल, कान वाजत असतील, तर मेडिकलच्या थेंबांवर दिवस काढू नका. डोळ्याचा पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा.