काटा खरे सांगतो आहे का?

अशी कल्पना करा की तुम्ही मामांबरोबर ट्रकमधून निघाला आहात. लासलगावला भरलेला कांदा पहाटेपर्यंत मुंबईच्या बाजारात पोचवायचा आहे. इगतपुरी आली, आता पुढे कसारा घाट. एवढ्यात तुमचे लक्ष डॅशबोर्डकडे जाते. ऑईलचा दाब दाखवणारा काटा एकदम शून्यावर येऊन बसला आहे! इंजिनाचा आवाज मात्र नेहमीसारखाच आहे.

"मामा, काटा बिघडला वाटतं," तुम्ही म्हणता.

"असेल किंवा नसेलही," असे म्हणत मामा गाडी कडेच्या सपाट जागेवर घेतात आणि ताबडतोब इंजिन बंद करतात.

नुसत्या काट्यासाठी भरलेली गाडी थांबवायची? हे समजण्यासाठी आधी इंजिनात डोकावले पाहिजे.

दाब हवा कशाला?

इंजिनातील क्रँकशाफ्ट हा जाडजूड पोलादी दांडा मिनिटाला दीड-दोन हजार वेळा फिरतो. तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्यांच्या आणि त्याच्यामध्ये वंगणाच्या तेलाचा पातळ थर असतो. हा थर किती पातळ? जोर जास्त पडतो तेथे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढाच, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ! एवढ्याशा थरावर दांडा अक्षरशः तरंगत असतो.

ब्यूचॅम्प टॉवर या इंग्लंडमधील अभियंत्याला या थराची ताकद योगायोगाने समजली. आगगाडीच्या बेअरिंगवर तो प्रयोग करीत होता. त्याने तेल घालण्यासाठी वर भोक पाडले, तर त्यातून तेल उलटे बाहेर येऊ लागले. त्याने बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली! त्याचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. फिरणारा दांडा स्वतःच तेल फटीत ओढून घेतो व त्यावर उचलला जातो, याचे गणित पुढे १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मांडले.

पण फटीत ओढायला आधी तेल तेथे पोचले तर पाहिजे! ते काम पंपाचे. पंप तळाच्या टाकीतून तेल उचलून नळ्यांवाटे सगळीकडे ढकलतो. ट्रकचे इंजिन तापून वेगात चालू असले, की हा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला ३ ते ५ किलोग्रॅम असतो. गाडी उभी असून इंजिन मंद चालू असले, की १ किंवा थोडा अधिक. हा दाब खरोखरच शून्य झाला, तर थर फाटतो, धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते.

आता मामांचा हिशेब पाहा. काटा खोटा असून गाडी थांबवली, तर दोन-चार तास वाया जातील. काटा खरा असून गाडी चालवली, तर इंजिन जाईल आणि दुरुस्तीचा खर्च लाखांच्या घरात. शिवाय घाटाच्या उतारावर इंजिन बंद पडणे हा जिवाशी खेळ. तेव्हा आधी इंजिन बंद, शोध नंतर!

काट्यापर्यंतचा प्रवास

काटा दाब स्वतः पाहत नाही. त्याच्यापर्यंत बातमी हस्ते-परहस्ते येते. इंजिनावर आट्याने बसवलेला एक सेन्सर असतो. त्यात एक लवचीक पडदा असतो. तेलाचा दाब पडला की पडदा फुगतो व एका सरकत्या टोकामार्फत विजेचा रोध बदलतो. त्यानुसार तारेतून जाणारा प्रवाह बदलतो आणि काटा हलतो. तेल, सेन्सर, तार, मापक अशी ही साखळी. शून्याचे कारण यांपैकी कोणत्याही कडीत असू शकते.

येथे एक गंमत आहे. काही गाड्यांत दाब नसताना सेन्सरचा रोध सुमारे १० ओहम असतो आणि दाबाबरोबर वाढत १८० ओहमच्या आसपास जातो. काहींत याच्या उलट: दाब नसताना २४० आणि पूर्ण दाबाला ३३ ओहम. एका जातीच्या मापकाला दुसऱ्या जातीचा सेन्सर जोडला, तर इंजिनाचा वेग वाढवताच काटा खाली येईल!

कडी-कडीने शोध

मामा प्रथम गाडीखाली पाहतात. तेल गळलेले नाही. थोडा वेळ थांबून, तेल तळाशी उतरल्यावर, ते डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवतात. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये आहे. तेल आहे हे कळले; ते फिरते आहे की नाही, हे मात्र काडी सांगू शकत नाही.

इगतपुरीहून मिस्त्री येतात. ते किल्ली फिरवतात, पण इंजिन सुरू करीत नाहीत. डिझेलचे आणि पाण्याच्या तापमानाचे मापक नीट चालतात. म्हणजे फ्यूज शाबूत आहे. ऑईलचा काटा शून्यावर. बंद इंजिनात दाब शून्यच असणार, म्हणून हे उत्तर बरोबर आहे. पण बिघडलेला काटाही हेच दाखवील! काट्याला हलायला लावल्याशिवाय काही कळणार नाही.

या गाडीचा सेन्सर २४० ते ३३ ओहमच्या जातीचा आहे. मिस्त्री सेन्सरवरची तार काढून तिचे टोक क्षणभरच इंजिनाच्या लोखंडाला टेकवतात. रोध जवळजवळ नाहीसा झाला. काट्याने शेवटपर्यंत उडी घ्यायला हवी. तो जागचा हलत नाही! म्हणजे दोष तारेत किंवा मापकात आहे. नव्या, संगणक बसवलेल्या गाड्यांवर मात्र ही चाचणी करू नये. तेथील सेन्सर वेगळ्या प्रकारचे असतात.

"मग चला, निघू या!" असे तुम्ही म्हणाल. थांबा. साक्षीदार खोटा ठरला, म्हणून आरोपी निर्दोष ठरतो काय? तारेत दोष असूनही तेलाचा दाब खरोखरच गेलेला असू शकतो.

म्हणून मिस्त्री सेन्सर काढून त्या जागी विजेशिवाय चालणारा दाबमापक बसवतात. त्यात एक चपटी, वाकवलेली नळी असते. जत्रेतील कागदी पिपाणी फुंकताच उलगडते ना? तशीच ही नळी दाबाने किंचित उलगडते आणि काटा फिरवते. फ्रान्समधील यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ साली शोधलेले हे साधन आजही वापरात आहे.

इंजिन सुरू होते. काही सेकंदांत काटा चढला नाही तर लगेच बंद करायचे, असे ठरलेले असते. पण काटा चढतो! इंजिन मंद असताना २, वेग वाढवताच ४ किलोग्रॅम. पंप आणि बेअरिंग ठणठणीत आहेत. याही मापकाने कमी दाब दाखवला असता, तर झिजलेली बेअरिंग, बिघडलेला पंप किंवा तेलात मिसळलेले डिझेल असे खरे दुखणे शोधावे लागले असते.

शेवटी पत्र्याच्या कडेला घासून तुटलेली तार सापडते. ती जोडून, टेप गुंडाळून मामा घाट उतरतात. बाजारात पोचायला उशीर होतो, पण शंका मनात ठेवून उतार उतरावा लागत नाही.

करून पाहा

मोठ्यांच्या मदतीने एक मऊ शिशाची पेन्सिल उभी चिरा. टॉर्चचे दोन सेल, छोटा दिवा आणि शिसे यांचे एक वर्तुळ जोडा. तारेचे एक टोक शिशावर सरकवा. दिवा कमी-जास्त उजळेल. हाच तुमचा सेन्सर! आता मित्राला पाठ फिरवायला सांगून गुपचूप एक जोड सैल करा. दिवा विझला. सेल संपला, तार सुटली, की दिवा गेला? काहीही न बदलता, कडी-कडीने तपासून मित्राने उत्तर काढायचे!