टेपवरचं टिंब आणि टेपवरचं शून्य

मंडळी, इस्लापूर म्हणजे किनवटच्या सागवानाचा पट्टा. इथं टेप कुणी पाहिला नाही असं नाही. तरी बोलतो, कारण चूक माझ्याच घरी झाली. खिडकीची उंची मी चिठ्ठीवर ‘4.5 फूट’ लिहून दिली. माझ्या मनात होतं 4 फूट 5 इंच. सुतारानं वाचलं साडेचार, म्हणजे 4 फूट 6 इंच. चौकट इंचभर मोठी आली, भिंत फोडावी लागली. दोष त्याचा नाही. टिंब दहाच्या हिशेबाचं आणि फुटात इंच बारा!

त्यात आपल्याकडं सूत. इंचात सुतं आठ. म्हणून 12 इंच 3 सूत म्हणजे 12.3 इंच नव्हे, 12.375.

आता टेपची दुसरी कड बघा. आकडा लिहिलेली लांब रेघ सेंटिमीटरची. दोन लांब रेघांत दहा सारखे भाग, प्रत्येक भाग 1 मिलिमीटर. मधली जरा उंच रेघ पाचाची. 12 च्या पुढं तिसरी बारीक रेघ म्हणजे 12.3 सेंटिमीटर किंवा 123 मिलिमीटर. इथं टिंब खरं बोलतं. माझी खिडकी 1346 मिलिमीटर लिहिली असती तर वादच नव्हता. मेट्रिकचा कायदा 1956 चा, पण प्लायवूड आपण अजून आठ बाय चार फूट मागतो आणि जाडी मात्र 18 मिलिमीटर. चालायचंच.

दुसरी गोष्ट शून्याची. टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी हलते, म्हणून काहीजण ती ठोकून घट्ट करतात. तसं करू नका. ती मुद्दाम सैल असते, स्वतःच्या जाडीइतकीच. फळीच्या कडेला अडकवून ओढली की पुढं सरकते, भिंतीला टेकवून दाबली की मागं जाते. दोन्ही वेळा माप बरोबर येतं. घट्ट केली की एका बाजूचं माप चुकलंच.

शाळेच्या पट्टीत शून्य अनेकदा काठावर नसतं, थोडं आत असतं. काठ झिजलाय किंवा आकडी वाकलीय, तर 10 च्या रेघेपासून मोजा. मात्र 50 सेंटिमीटर फळी हवी असेल, तर खूण 60 वर करायची.